वाढवलेले पाटे

आमच्या भागात पिकअप घरी आली, मग ती नवी असो की चौथ्या हातातली, की तिला आधी देवळासमोर उभी करतात आणि दुसऱ्या दिवशी पाटेवाल्याकडं नेतात. देवळासमोर नारळ फुटतो, चाकाखाली लिंबं चिरडतात. पाटेवाल्याकडं मागच्या चाकांवरच्या कमानीत, जिथं पोलादी पाटे एकावर एक रचलेले असतात तिथं, दोन्ही बाजूंना आणखी दोन-दोन पाटे घालून मिळतात. गाडी किती ओझ्यासाठी बनवली आहे हे बनवणाऱ्याचं मत झालं. ते त्यानं त्याच्यापाशी ठेवावं. आमच्याकडं उसाचं बेणं, शेणखत नाहीतर हळदीची पोती भरल्यावर गाडी मागून वाकली तर मालकाची मान खाली जाते. "पाटं वाढीवलं का?" हे "पाऊसपाणी बरं हाय का?" इतक्याच सहज विचारलं जायचं, आणि "न्हाई" म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही.

माझ्या वडिलांनीही वाढवले. ते सतरा वर्षं सैन्यात ट्रकवर ड्रायव्हर होते. पेन्शनीवर आले आणि सांगलीहून एक डिझेल पिकअप घेऊन आले. ती तेव्हाच दहाएक वर्षांची होती. कुंडल आणि कडेगावच्या मधलं आमचं गाव, चार एकर ऊस आणि ही गाडी, एवढ्यात त्यांचा जीव रमला. पाटे वाढवून आणले त्या दिवशी गाडीचं मागचं अंग टाचा उंच केल्यासारखं वर आलं होतं. वडिलांनी हौद्याच्या मागच्या फाळक्यावर हात मारून सांगितलं, "आता हत्ती बसवा." हत्ती कधी बसला नाही. बायका बसल्या.

कारण बसायची रीत अशी होती की पुरुष पुढं केबिनमध्ये, आणि बायका मागं हौद्यात. हौद्यातल्या माणसाला चालवणाऱ्याशी बोलायचं झालं तर केबिनचा पत्रा वाजवायचा. नियम एसटीच्या घंटीचा. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे आमच्याकडं कुणी कुणाला शिकवत नाही. मी सुद्धा ते कधी शिकले ते मला आठवत नाही.

ही गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. मी तेव्हा साताऱ्याला एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते आणि खोली घेऊन राहत होते. संक्रांतीनंतर एका नातेवाइकांकडं लग्नाच्या सुपारीला घरचे सगळे गेले होते. परत येताना हौद्यात आई आणि चुलती अशा दोघीच. बाकीच्या तिकडंच राहिल्या. कारखाने चालू होते, उसाच्या गाड्यांनी रस्त्याची चाळण केली होती, आणि वडिलांना दूध घालायच्या वेळेला घरी पोचायचं होतं. आमच्या गावाच्या अलीकडं एक मोरी आहे, तिच्या तोंडाशी रस्ता खचलेला. तिथं रिकामी गाडी उडाली. चुलती फाळक्याला धरून होती म्हणून वाचली. आई हातभर वर गेली आणि बसल्या जागी पत्र्यावर आपटली. मणका दबला. कुणाच्या तरी जीपमधून तिला मिरजेला नेलं, तिथं ऑपरेशन झालं, आणि मी साताऱ्याहून पोचले तेव्हा ती उताणी, छताकडं बघत पडलेली होती.

चुलतीनं मला दवाखान्याच्या जिन्यात बाजूला घेतलं. "तिनं पत्रा वाजीवला हुता गं," ती म्हणाली. "मोरीच्या आदी. एकदा. चांगला जोरात."

"मग?"

"मग काय. गाडी थांबली न्हाई."

इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असं मी म्हणाले. चुलती जिना उतरायला लागली आणि मीही पुढं विचारलं नाही. काही प्रश्न विचारले की त्यांची उत्तरं घरात कायमची राहायला येतात.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. हाड धरायला लागलंय, आता इथं ठेवून जास्तीचं काही होणार नाही, दोन महिने आडवंच ठेवा. हे सगळं त्यांनी चांगल्या आवाजात सांगितलं. मग मला एकटीला म्हणाले, "नेताना मोठा धक्का बसता कामा नये. पायांच्या नसा तिथूनच जातात. आज पाय हलतायत, ते हलते राहिले पाहिजेत." मिरजेपासून आमचं घर पन्नासेक किलोमीटर. त्या रात्रीपासून मला डोळे मिटले की खड्डे दिसायला लागले.

मला काळजी करायला तसंही कारण लागत नाही. कारण सापडलं की मात्र मी ती मन लावून करते. मी मिरजेत फिरून एक अँब्युलन्स ठरवली, चांगली, गादीची, आत पंखा असलेली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "भाड्याची गाडी कशाला? आपली हाय की."

मला खरंच कळेना हिला ताप वगैरे चढलाय की काय. "आई, त्याच गाडीत तुझा मणका मोडला."

"ती गाडी मला घरनं घेऊन गेलती. तीच घरी नेऊ दे." आणि मान वळवता येत नव्हती म्हणून नुसते डोळे पायथ्याकडं वळवले. तिथं वडील थर्मास धरून उभे होते. तीन आठवडे ते असेच कुठल्या तरी वस्तूला धरून उभे असायचे. "आवं," ती म्हणाली, "गाडी तेवढी नीट करून आणा."

"व्हय," वडील म्हणाले.

मी वाद घातला, रुसले, डॉक्टरांना मध्ये घातलं. डॉक्टर म्हणाले, जाड गादी घाला, हळू न्या आणि गाडी चांगली असू द्या. म्हणजे माझी बाजू लंगडी पडली. न्यायची तारीख त्यांनी पुढची दिली होती, हातात नऊ दिवस होते.

त्या अपघातानंतर वडील मिरजेला एसटीनं येत-जात होते. विचारलं तर म्हणायचे, "डिझेल कशाला जाळायचं." गाडी गोठ्याजवळ उभी होती. मी चुलतीला आईपाशी ठेवून, रजा टाकून घरी गेले आणि पहिल्यांदा त्या गाडीकडं नीट बघितलं. पुढचे टायर गुळगुळीत होऊन आतले धागे दिसायच्या बेताला आलेले. मागचे दोन्ही रबर चढवून घेतलेले, त्यातल्या एकाचं वरचं रबर कडेला सुटत होतं. शॉकअप म्हणजे चाकाशेजारची ती दोन नळकांडी, धक्का गिळायला लावलेली; त्यांच्यातलं तेल कधीच गळून गेलं होतं आणि त्यावर धुळीचा लेप बसला होता. एवढं मला कळलं. मी आठवीच्या पोरांना स्प्रिंग शिकवत होते, ताण आणि बल, फळ्यावर वेटोळं काढून. पण कराडच्या दुकानात जाऊन कुठला टायर मागायचा हे मला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते माझ्याशी बोलत नव्हते.

कराडला आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. "काका, काय भरता?" त्यानं विचारलं.

वडिलांच्या तोंडून सवयीनं निघालं, "ऊस. खत. समदंच."

"मग हा घ्या. लोड टायर. ह्याला मरण न्हाई." त्यानं एक जाडजूड टायर आपटून दाखवला. वडिलांनी त्यावर बुक्की मारली. टायर ढिम्म राहिला. वडिलांच्या चेहऱ्यावर महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी बरं दिसलं.

"यातला मऊ कुठला?" मी विचारलं.

दुकानातले चौघे हसले. "ताई, टायर हाय, उशी न्हवं," दुकानदार म्हणाला, वडिलांकडं बघत.

मी सांगायला हवं होतं की आम्हाला ऊस नाही, माणूस आणायचंय, ज्याला धक्का चालत नाही. पण ते सांगायचं म्हणजे मोरीचं सांगायचं, आणि ते वडिलांसमोर माझ्या जिभेवर येईना. वडीलही सांगेनात. आम्ही दोघं तिथं उभं राहून उसासाठी टायर घेतले, चारही. शेजारच्या दुकानात शॉकअप घेतले. तिथंही "जरा कडक बघून द्या" असं वडीलच म्हणाले. आता मला हे लिहिताना हसू येतं, पण त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. चांगलं म्हणजे मजबूत आणि मजबूत म्हणजे न वाकणारं, एवढंच त्यांना आयुष्यात शिकवलेलं होतं.

परतीच्या वाटेवर मी केबिनमध्ये बसले होते तरी कंबर धरली. वडील म्हणाले, "नवं हाय. बसंल हळूहळू." बसायला आमच्याकडं सहा महिने नव्हते.

घागरीची कल्पना माझी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौद्यात जिथं आईचं डोकं येणार तिथं चुंबळ ठेवली, तिच्यावर तांब्याची घागर, आणि ती काठोकाठ भरली. कडेगावच्या रस्त्यानं दोन मैल जायचं, परत यायचं, आणि घागर पुन्हा भरायला किती तांबे पाणी लागतं ते मोजायचं. वडिलांनी आधी माझ्याकडं असं बघितलं, जणू शिकून पोरगी वाया गेली. मग गाडी सुरू केली. मी हौद्यात घागरीशेजारी बसले, रस्त्यानं जाणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या.

तांबे मोजायची वेळच आली नाही. पहिल्या मैलातच एका साध्या खड्ड्यात घागर चुंबळीवरून उडाली, आडवी झाली आणि गडगडत फाळक्यावर जाऊन आदळली. मी स्वतः इतकी उडाले की दात दातांवर आपटले. मी पत्रा वाजवला, एकदा. गाडी जागच्या जागी थांबली. इतक्या जोरात ब्रेक लागला की मी केबिनवर आपटले.

वडील खाली उतरून मागं आले. आडवी घागर बघितली, माझं तोंड बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "लागलं का?" त्यांनी विचारलं, आणि मी नाही म्हणाले तरी ते पुन्हा, "लागलं का?" असंच विचारत राहिले.

रोगापेक्षा इलाज भयंकर झाला होता. जुन्या टायरांवर गाडी जेवढी उडायची त्यापेक्षा नव्यांवर जास्त उडत होती. पाच दिवस राहिले होते. त्या दिवशी मी चुलीपुढं बसून रडले आणि भाकरी करपवली. वडिलांनी ती करपलेली भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी वडीलच म्हणाले, "चल." ते टायरच्या दुकानात गेलेच नाहीत. गाडी कराडच्या बाजाराजवळ पाटेवाल्याकडं नेली, ज्यानं पूर्वी पाटे वाढवून दिले होते त्याच्याकडं. म्हातारा माणूस, कपाळाला घामाची पट्टी बांधलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. त्यानं गाडी ओळखली. हौद्याचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून बघितला. तो हललाच नाही. मग हौद्यात आमचे जुने टायर पडलेले होते त्यातला एक त्यानं खाली ओढला आणि रबरावर तळहात फिरवला.

"तुमी फिरवा," तो मला म्हणाला. मला आश्चर्य वाटलं. मी हात फिरवला. रबर सरळ झिजलेलं नव्हतं. टेकाड-खळगा, टेकाड-खळगा, असं गोल फिरत गेलेलं होतं.

"खवलं पडल्यात," तो म्हणाला. "टायर रस्त्याला धरून पळत नव्हता. उडायचा, आपटायचा, उडायचा, आपटायचा. वरीसभर तरी. भरल्या गाडीला कळत न्हाई. रिकामी असली की नाचती. मागं कोण बसत न्हवतं न्हवं?"

मी वडिलांकडं बघितलं नाही. आता हे काहीतरी दुसरंच बोलतील, असं मला वाटलं.

"बसली हुती," वडील म्हणाले. "आमची मंडळी."

टायरापाशी वाकलेला म्हातारा उठून उभा राहिला.

"मिरजेला हाय," वडील म्हणाले. "मणका मोडला. तिनं पत्रा वाजीवला हुता. एकदा. मला आयकू आला." मग म्हाताऱ्याला नाही, टायरला सांगितल्यासारखं म्हणाले, "म्हटलं असंल पदर उडाला न्हाईतर काय. सारखंच वाजीवत्यात बायका. दुधाची येळ झालती. थांबलो न्हाई."

मला राग आला. इतके दिवस मी मनात त्यांच्या बाजूनं इंजिनाचा आवाज मोठा करत बसले होते, आणि त्यांना ऐकू आलं होतं. मी तिथून निघून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. सतरा वर्षं डोंगरातून ट्रक हाकलेला माणूस, हाताखालच्या इंजिनाचा एक सूर बदलला तरी ओळखणारा, आणि आईचा ठोका त्याला पदर वाटला. मी ठरवून टाकलं की अँब्युलन्सच आणायची, आई काहीही म्हणो. दहा मिनिटं मी तशी उभी होते. मग मागून लोखंडाचा आवाज आला आणि मी वळून बघितलं. म्हाताऱ्यानं चाक काढलं होतं आणि वडील गाडीखाली उताणे पडून दुसऱ्या बाजूचे बोल्ट स्वतः ढिले करत होते. दोन माणसं होती म्हाताऱ्याकडं त्या कामाला. त्यांना वडिलांनी हात लावू दिला नव्हता.

म्हाताऱ्यानं वाढवलेले पाटे काढले, दोन्ही बाजूंचे. सांत्वनाचा एक शब्द तो बोलला नाही, हे मला नंतर बरं वाटलं. बोलला ते कामाचं. "शॉकअप ह्येच ऱ्हाऊ द्या, चांगलं हायत. पर पाटाच हालत न्हवता, तवा शॉकअपनं काय गिळायचं? टायर मातूर बदला. साधं घ्या. हवा जरा कमी ठेवा. आन गाडी रिकामी नेऊ नका, वाळूची चार पोती टाका मागं. वजनानं गाडी शांत हुती." आणि मला म्हणाला, "गादी केबिनला चिकटून घाला. डोस्कं पुढं, पाय मागं. मागच्या चाकावर माणूस झोपवू नका."

हे मला फळ्यावर काढून दाखवता आलं असतं. दोन चाकांच्या मधे धक्का कमी, चाकाच्या मागं जास्त. मीच शिकवत होते की.

टायरवाल्यानं टायर बदलून दिले, तोंड वाकडं करून. यावेळी वडील त्याला म्हणाले, "पेशंट आणायचाय. तिला इचारा." आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. आता निवड माझ्यावर आली, तेव्हा मला समजलं की दुसऱ्यानं चुकीचं निवडण्यात किती सुख असतं. साध्यातही दोन प्रकार होते. एक फारच मऊ, कडा दाबली की आत जाणारा. दुसरा जरा ताठ. मऊ घ्यावा तर वाटेत उसाच्या गाडीचा खिळा घुसून बसला तर? जॅक लावून गाडी तिरकी करायची, आई आत आडवी. ताठ घ्यावा तर प्रत्येक खड्डा तिच्या पाठीत. मी दोन्ही टायर दाबत दुकानात अर्धा तास उभी होते. दुकानदार आता हसत नव्हता. शेवटी मी मऊ घेतला आणि दोन जादा ट्यूब घेतल्या, आणि घरी येईपर्यंत वाटलं की ताठ घ्यायला हवा होता.

त्या संध्याकाळी घागर पुन्हा चढली. वाळूची चार पोती मागं, घागर पुढं, मी तिच्याशेजारी. वडिलांनी गाडी इतकी हळू चालवली की एक सायकलवाला पुढं निघून गेला. परत आल्यावर घागर भरायला दीड तांब्या पाणी लागलं. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी एकाला थोडं कमी. वडील दर वेळेला खाली उतरून विचारायचे, "किती सांडलं?" आणि मी सांगायची. आमच्यात त्या दिवसांत एवढंच बोलणं होत होतं. माझा राग गेलेला नव्हता. पण अँब्युलन्सचंही मी पुन्हा काढलं नाही, कारण आईला कुठल्या तोंडानं सांगणार होते.

एक मात्र होतं. घागर घेऊन आम्ही रोज कडेगावच्याच रस्त्यानं जात होतो. मोरी उलट्या दिशेला, कुंडलच्या रस्त्यावर. तिकडं वडील गाडी एकदाही वळवत नव्हते, आणि मीही म्हणाले नाही की वळवा.

आणायच्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. मोरी आली तेव्हा वडिलांनी गाडी पहिल्या गिअरात टाकली. गाडी खचक्यातून हळूच उतरली आणि वर आली. वडिलांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

मिरजेत चार माणसांनी चादरीसकट आईला उचलून गादीवर ठेवलं. दोन गाद्या होत्या, खाली भाताच्या काडाचं पिंजर. तिच्या दोन्ही अंगांना आम्ही पिंजराच्या उशा दाबल्या. डोक्याशी केबिनच्या पत्र्याला टेकून वडिलांनी पाण्याची घागर ठेवली, चुंबळीवर, काठोकाठ भरलेली. "तान लागंल," ते म्हणाले. काठोकाठ कशाला लागते तहानेला, हे मी विचारलं नाही.

सांगली सुटेपर्यंत मी आईचा हात धरून होते, का आईनं माझा धरला होता सांगता येणार नाही. प्रत्येक खड्ड्याला मी तिच्या पायाच्या बोटांकडं बघायची. हलव, म्हणायची. ती हलवायची. पहिल्यांदा गंमत म्हणून, मग माझ्या समाधानासाठी, मग वैतागून. "आता मी बोटं हालवीत कुंडलपातुर जाऊ का?" ती म्हणाली. पलूसच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन खेटून गेला आणि वडिलांनी गाडी कडेच्या मातीत उतरवली. त्या तिरक्या पाच-सहा हातांत मी दोन्ही हातांनी तिची गादी दाबून धरली. आईनं ओठ दाबले. मग बोटं हलवून दाखवली, न सांगता.

कुंडल मागं पडलं. ऊन चढलं होतं. आणि मोरी आली.

गाडी थांबली. मोरीच्या दहा-पंधरा हात अलीकडं, रस्त्याच्या मधोमध, इंजिन चालू. मी गुडघ्यांवर उठून केबिनच्या मागच्या काचेतून बघितलं. वडिलांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि मान खाली. मी थांबले. गाडी हलेना. मागून उसाची बैलगाडी येऊन उभी राहिली, गाडीवान ओरडला. वडिलांनी ऐकलं नाही. मला वाटलं आता उतरावं, जाऊन दार उघडावं, काहीतरी बोलावं. पण बोलायला माझ्याकडं रागाशिवाय काही नव्हतं, आणि तो त्या वेळी कामाचा नव्हता.

"मोरी आली व्हय?" आईनं विचारलं. तिला वरचं आभाळ सोडून काही दिसत नव्हतं.

"हो."

तिनं उजवा हात माझ्या हातातून सोडवून घेतला, डोक्यावरून मागं नेला, पत्रा चाचपला आणि बोटांच्या पेरांनी वाजवला. दोन ठोके. हात अशक्त होता, आवाज फार झाला नाही. काचेतून मला वडिलांची मान वर आलेली दिसली. पण गाडी हलली नाही.

आईनं पुन्हा वाजवला. दोनच.

"आवं, चला की," ती म्हणाली. "ऊन लागतंय मला."

तेव्हा मला समजलं ती भाड्याच्या गाडीला का तयार नव्हती. ती दुसऱ्या गाडीतून घरी आली असती तर हा माणूस आयुष्यभर मोरीच्या अलीकडंच उभा राहिला असता. तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्यासाठी तिनं स्वतःचे पाय पणाला लावले होते. मला तिचाही राग आला. इतकं करायची गरज नव्हती, असं मला आजही वाटतं.

गिअर पडल्याचा आवाज आला. पुढची चाकं खचक्यात उतरली, वर आली. मग मागची. गाडी मागून खाली बसली, पाटे दबले, आणि सावकाश वर आले. एकदाच. घागर कलली आणि थोडं पाणी आईच्या खांद्यावर सांडलं. मी तिच्या पायांकडं बघितलं. बोटं हलत होती.

आई पुढं चालायला लागली, आधी भिंत धरून, मग काठी घेऊन, मग काठी विसरून. त्याला पावसाळा संपावा लागला. पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. गाडी अंगणात आली, वडील उतरून मागं आले आणि फाळका उघडायच्या आधीच त्यांनी घागरीकडं बघत विचारलं, "किती सांडलं?"

आईचा खांदा आणि अर्धी बाही भिजली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थेंब न्हाई सांडला." मी तिचा पदर ओढून खांद्यावर घेतला आणि फाळका उघडायला पुढं झाले.